ऑफिसच्या इंग्रजीची परीक्षा आणि शब्दसंपत्ती: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत मी संध्याकाळचे वर्ग घेतो. त्याआधी अकरा वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत खरेदी आणि डिस्पॅचच्या टेबलावर होतो. वर्गाला पॉलिटेक्निकची मुलं येतात, गोकुळ शिरगावात शिफ्ट संपवून थेट येणारे असतात, इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघणाऱ्या ताई असतात. सगळ्यांना व्यवहारातल्या इंग्रजीची परीक्षा द्यायची असते आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. म्हणून ते एका जागी लिहून काढले.

कोणती परीक्षा द्यायची हेच ठरत नाही. काय करू?

आधी निकाल तुमच्याकडे कोण मागणार आहे ते बघा. जपानी किंवा कोरियन कंपनीत अर्ज करायचा असेल तर बहुतेक वेळा टोइकचं नाव निघतं. अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेची ही परीक्षा १९७९ साली जपानमध्येच सुरू झाली. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला कामासाठी जायचं असेल तर बऱ्याचदा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा जनरल ट्रेनिंग प्रकार लागतो. त्याच्या वाचनाच्या दुसऱ्या भागात नोकरीशी संबंधित मजकूरच असतो: अर्ज, कामाच्या अटी, पगार, कंपनीचे नियम.

दोन्हींचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. गरज तीन वर्षांनी पडणार असेल तर आज फी भरू नका. शब्द मात्र आजपासून जमवा, त्यांना मुदत नसते. खाली मी मुख्यतः टोइक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण आयईएलटीएसवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

टोइकमध्ये शब्दांचा वेगळा पेपर असतो का?

नाही. लिसनिंग आणि रीडिंगची परीक्षा दोन तासांची, २०० प्रश्नांची. ऐकण्याचे १०० प्रश्न ४५ मिनिटांत, वाचनाचे १०० प्रश्न ७५ मिनिटांत. ऐकण्याला ५ ते ४९५ आणि वाचनालाही तितकेच, म्हणजे एकूण १० ते ९९० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

हे २०० प्रश्न सात भागांत वाटलेले असतात. शब्दांची थेट कसोटी पाचव्या आणि सहाव्या भागात लागते: गाळलेल्या जागेची ३० सुटी वाक्यं आणि छोट्या उताऱ्यांतल्या १६ गाळलेल्या जागा. पण शब्दांवाचून खरी अडचण होते ती सातव्या भागात. तिथं ईमेल, नोटिसा, जाहिराती, बिलं यांवर ५४ प्रश्न असतात. वाचनाचे पहिले ४६ प्रश्न वीस मिनिटांत उरकले तरच सातव्या भागाला प्रश्नामागे एक मिनिट मिळतं. शब्द आठवायला थांबणाऱ्याची शेवटची दहा-पंधरा उत्तरं हमखास राहतात. नुसता शब्द माहीत असून भागत नाही, बघताक्षणी ओळखता यावा लागतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. व्यापाराचं इंग्रजी मला शून्यापासून शिकावं लागेल ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मनापासून सांगतो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाकडे हे निम्मं इंग्रजी आधीच आहे. ते कागदावर नाही, तोंडात आहे, एवढाच फरक.

फाउंड्रीत काम करणारा दिवसभरात काय बोलतो ते ऐका. पॅटर्न, कोअर, कास्टिंग, रिजेक्शन, इन्स्पेक्शन, डिस्पॅच, चलन, गेटपास, जॉबवर्क, पर्चेस ऑर्डर, ओव्हरटाइम, अलाउन्स, इन्क्रिमेंट, ब्रेकडाउन, मेंटेनन्स. यातले बहुतेक शब्द परीक्षेत जसेच्या तसे येतात. फक्त आपण ते मराठी वाक्यात वापरतो: ‘लॉट रिजेक्ट झाला’, ‘पार्टीचं पेमेंट होल्डवर आहे’. त्याच शब्दाभोवती इंग्रजी वाक्य उभं करायचं, हे शिकणं उरतं.

आता घरात बघा. सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्या घरी दरवर्षी वार्षिक अहवाल येतो. आपल्याकडे तो कपाटावर जाऊन पडतो. मी पोरांना तो खाली काढायला लावतो. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. भागभांडवल म्हणजे शेअर कॅपिटल. लाभांश, डिव्हिडंड. लेखापरीक्षक, ऑडिटर. गणपूर्ती, कोरम. ठराव, रिझोल्यूशन. सूचक म्हणजे ठराव प्रपोज करणारा आणि अनुमोदक म्हणजे तो सेकंड करणारा. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते म्हणजे नेमकं काय होतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. ‘ॲडजर्न’ हा शब्द परदेशातल्या पुस्तकातून शिकणाऱ्याला आधी सभा समजून घ्यावी लागते आणि मग शब्द. आपल्याला फक्त शब्द.

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितला असेल तर ऑक्शन, बिड, कमिशन एजंट, ग्रेड, लॉट या शब्दांमागचा व्यवहार तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. अडत म्हणजे कमिशन. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा, खर्च वजा जाऊन हातात पडणाऱ्या रकमेचा हिशेब. इंग्रजीत त्यातली वजावट ती ‘डिडक्शन’ आणि हातात आलेली ती ‘नेट अमाउंट’.

म्हणून पहिल्या आठवड्यात नवा शब्द एकही शिकू नका. वही घ्या आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी, घरी, बँकेत आत्ता वापरात असलेले इंग्रजी शब्द लिहून काढा. वर्गात कुणाचेच दीडशेच्या खाली भरत नाहीत.

शब्द माहीत असतात, तरी पाचव्या भागात उत्तर चुकतं. असं का?

कारण शब्द एकटा राहत नाही, त्याची सोबत ठरलेली असते. परीक्षा विचारते ती सोबत. आणि आपण ती नकळत मराठीतून आणतो.

मराठीत आपण निर्णय घेतो. इंग्रजीत तो ‘टेक’ करण्यापेक्षा ‘मेक’ करतात. आपण मीटिंग घेतो. इंग्रजीत ती ‘होल्ड’ करतात. ऑर्डर आपण देतो किंवा टाकतो, तिकडे ‘प्लेस’ करतात, आणि माल पुरवणारा ती ‘फिल’ करतो. मुदत आपण पाळतो, तिकडे डेडलाइन ‘मीट’ करतात. मागणीसुद्धा ‘मीट’ करतात. फी माफ करणं म्हणजे ‘वेव्ह’ करणं. नुकसान किंवा खर्च अंगावर येणं म्हणजे ‘इन्कर’. आणि आपलं ‘करणे’ हे क्रियापद तर सगळीकडे चालतं: तक्रार करणे, व्यवहार करणे, प्रयत्न करणे, संशोधन करणे. इंग्रजीत तक्रार ‘मेक’ होते, बिझनेस ‘डू’ होतो, एफर्ट पुन्हा ‘मेक’ आणि रिसर्च ‘डू’ किंवा ‘कंडक्ट’. याला नियम शोधत बसू नका. जोडी म्हणून पाठ करा, जसं आपण ‘हाडाचा शेतकरी’ म्हणतो आणि ‘रक्ताचा शेतकरी’ म्हणत नाही.

शब्दयोगी अव्ययांचाही असाच गोंधळ होतो. ‘शुक्रवारपर्यंत’ हा एकच मराठी शब्द घ्या. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ यात काम शुक्रवारी किंवा त्याआधी एकदा व्हायचं आहे, तिथं ‘बाय फ्रायडे’. ‘दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे’ यात स्थिती शुक्रवार येईतोवर चालू राहते, तिथं ‘अनटिल फ्रायडे’. आपल्या ‘पर्यंत’मध्ये दोन्ही मावतात, त्यामुळे दोन्ही पर्याय समोर आले की हात थबकतो. मी वर्गात सांगतो: वाक्यात ‘एकदाच’ घालून बघा. बसलं तर ‘बाय’.

‘डिस्कस’नंतर ‘अबाऊट’ लागत नाही, पण आपण ‘विषयी चर्चा’ करतो म्हणून ते हमखास घातलं जातं. ‘रिस्पॉन्सिबल’ला ‘फॉर’, ‘एलिजिबल’ला ‘फॉर’, ‘कम्प्लाय’ला ‘विथ’, ‘सब्जेक्ट’ला ‘टू’. पाठांतराच्या कार्डावर शब्द लिहिताना त्याची ही शेपूट तोडू नका.

आणखी एक. इक्विपमेंट, इन्फॉर्मेशन, मशिनरी, फर्निचर, ॲडव्हाइस, मर्चंडाइज यांचं अनेकवचन होत नाही. ‘माल’ या शब्दाशी ताडून बघा: ट्रकभर असला तरी तो ‘माल’च राहतो. हे ‘माल’ जातीचे शब्द आहेत, असं म्हटलं की पोरं परत चुकत नाहीत.

आम्ही ऑफिसात रोज इंग्रजीत ईमेल लिहितो. ते इंग्रजी चुकीचं आहे का?

चुकीचं म्हणणार नाही. भारतातल्या ऑफिसांत ते चालतं, सगळ्यांना कळतं आणि कामं होतात. पण परीक्षा ज्या इंग्रजीवर बेतलेली आहे तिथं काही शब्दांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो फरक माहीत नसेल तर पर्याय फसवतात.

‘रिव्हर्ट’ आपण ‘उत्तर पाठवा’ या अर्थी लिहितो. तिथं त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. उत्तर देणं म्हणजे ‘रिप्लाय’ किंवा ‘रिस्पॉन्ड’. ‘पास आऊट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. पदवी घेऊन बाहेर पडणं म्हणजे ‘ग्रॅज्युएट’. ‘पार्टी’ हा शब्द करारनाम्यात ‘पक्ष’ या अर्थी येतो, पण आपण ज्याला माल विकतो तो ‘कस्टमर’ किंवा ‘क्लायंट’. ‘प्रीपोन’ परीक्षेत भेटणारच नाही. तिथं ऐकू येईल, ‘द मीटिंग हॅज बीन मूव्ड अप टू ट्यूसडे’. म्हणजे बैठक अलीकडे आणली. वर्गात अर्ध्याहून जास्त जण याचा अर्थ ‘पुढे ढकलली’ असा घेतात, कारण ‘अप’ म्हणजे पुढे असं वाटतं. पुढे ढकलणं म्हणजे ‘पोस्टपोन’, ‘पुश बॅक’ किंवा ‘पुट ऑफ’.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका परदेशी ग्राहकाकडून सुधारित ड्रॉइंग यायचं होतं. मराठीत आपण ड्रॉइंगची मागणी करतो, म्हणून मी लिहिलं, ‘वी डिमांड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग’. ड्रॉइंग आलं, सोबत दोनच कोरड्या ओळी आल्या, आणि त्यानंतर त्या माणसाने मला कधीच पत्र लिहिलं नाही. सगळं थेट मॅनेजरसाहेबांना. आमच्या साहेबांनी मला बसवून समजावलं की ‘डिमांड’मध्ये हक्क आणि धमक आहे, आपल्या ‘मागणी’मध्ये ती नेहमी असतेच असं नाही. तिथं ‘रिक्वेस्ट’ हवं होतं. त्या दिवसापासून मी शब्दाच्या अर्थाशेजारी त्याचा सूरही लिहून ठेवतो: मऊ, कडक, कोरडा. तुम्हीही तो रकाना ठेवा.

एकाच शब्दाचे चार-चार अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

आपल्या ओळखीचा अर्थ खुंटीसारखा धरा आणि बाकीचे त्याला अडकवा.

ऊस पट्ट्यात ‘रिकव्हरी’ म्हटलं की साखर उतारा. एफआरपीचा, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, हिशेब त्याच्याशीच बांधलेला, त्यामुळे हा शब्द बांधावरच्या माणसालाही ठाऊक. मूळ कल्पना काय? काहीतरी परत हाती लागणं. उसातून साखर हाती लागते, थकलेलं कर्ज वसूल होतं, आजारी माणसाला तब्येत परत मिळते, मंदीनंतर बाजार सावरतो. चारही ठिकाणी ‘रिकव्हरी’च.

‘आऊटस्टँडिंग’ म्हणजे येणे बाकी, आणि तोच शब्द उत्कृष्ट कामगिरीलाही. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज आणि आवड. ‘नोटीस’ म्हणजे सूचना फलकावरचा कागद, आणि नोकरी सोडण्याआधी द्यायची आगाऊ सूचनासुद्धा. ‘ओपनिंग’ म्हणजे उद्घाटन आणि रिकामी जागा. ‘फर्म’ म्हणजे पेढी आणि ठाम. ‘कव्हर’ म्हणजे झाकण, पण ‘कव्हर अ शिफ्ट’ म्हणजे दुसऱ्याची पाळी सांभाळणं. ‘ॲड्रेस’ पत्ता खरा, पण ‘ॲड्रेस अ कम्प्लेंट’ म्हणजे तक्रारीची दखल घेऊन ती सोडवायला लागणं. सातव्या भागात एखादा शब्द दाखवून ‘इथं याच्या सर्वांत जवळचा अर्थ कोणता’ असं विचारतात. त्या प्रश्नात तुमच्या तोंडात बसलेला अर्थ पर्यायांत असतोच, आणि बहुधा तोच चुकीचा असतो. वाक्य वाचल्याशिवाय खूण करू नका.

किती शब्द लागतात?

तयार याद्या आहेत आणि त्या फुकट मिळतात. न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट ही २०१३ सालची यादी साधारण २,८०० शब्दांची, रोजच्या इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरात असलेले शब्द त्यात आहेत. तिच्यावर चढवायची टोइक सर्व्हिस लिस्ट साधारण १,२०० शब्दांची. व्यापारासाठी बिझनेस सर्व्हिस लिस्ट वेगळी आहे, साधारण १,७०० शब्दांची.

पहिली यादी चाळून माहीत असलेले शब्द खोडा. बारावी झालेल्या मुलाचे त्यातले बरेच खोडले जातात. उरलेले आणि टोइकचे १,२०० हा तुमचा खरा डोंगर. रोज आठ, आठवड्याला पाच दिवस धरले तर पंचवीस आठवड्यांत हजार होतात. एका महिन्यात तीन हजार शब्दांचं आश्वासन देणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नका. आमच्या वर्गातल्या एका मुलाने अशा एका क्लासला आधीच बरेच पैसे भरले होते. हातात आली ती झेरॉक्स काढलेली यादी. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही.

सगळ्यांचंच असं होतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला फार वेगाने निसटतं आणि मग वेग मंदावतो. पुन्हा उजळणी केली की निसटणं कमी होतं. त्यामुळे एका बैठकीत शब्द वीस वेळा घोकण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी एकेकदा आठवून बघितलेला बरा.

त्यासाठी चपलांचं रिकामं खोकं घ्या, आपल्या गावात त्याला तोटा नाही. पुठ्ठ्याचे तुकडे घालून पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं की पुढच्या कप्प्यात, विसरलं की परत पहिल्या. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. सेबास्टियन लाइटनर याने १९७०च्या दशकात ही पद्धत लोकांपुढे आणली. मोबाइलवर अंकी नावाचं ॲप हेच काम करतं. कार्ड हाताने लिहिलेलं असेल तर जास्त टिकतं असा माझा अनुभव, पण रोज बसने कागल ते कोल्हापूर करणाऱ्याला मोबाइलच सोयीचा.

कार्डावर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असं करू नका. पुढे तुमच्या कामातलं वाक्य, शब्दाची जागा रिकामी. मागे शब्द, त्याची शेपूट, त्याचा सूर. ‘द सप्लायर फेल्ड टू ____ द डेडलाइन’ असं कार्ड ‘मीट म्हणजे भेटणे’ या कार्डापेक्षा दसपटीने कामाचं.

‘प्रोडक्शन’ की ‘प्रोडक्टिव्ह’? एकाच शब्दाची चार रूपं दिली की गोंधळतो.

शब्द शिकताना कुटुंबासकट शिका. ‘प्रोड्यूस’ म्हणजे उत्पादन करणे. ‘प्रोडक्ट’ वस्तू, ‘प्रोडक्शन’ उत्पादनाची क्रिया, ‘प्रोडक्टिव्ह’ भरपूर काम देणारा, ‘प्रोडक्टिव्हिटी’ उत्पादकता. आणि ‘प्रोड्यूस’चाच उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन केला की तो होतो शेतमाल: मार्केट यार्डात येतो तो भाजीपाला.

अर्थ न कळताही गाळलेली जागा भरता येते, जर शेवट ओळखता आला. ‘शन’, ‘मेंट’, ‘अन्स’ आले की बहुधा नाम. ‘एबल’, ‘इव्ह’, ‘फुल’ आले की विशेषण. ‘ली’ आलं की क्रियाविशेषण. मात्र ‘टाइमली’, ‘कॉस्टली’, ‘फ्रेंडली’ ही विशेषणं आहेत. देणारा आणि घेणारा हेही शेवटावरून कळतं: ‘एम्प्लॉयर’ कामावर ठेवणारा, ‘एम्प्लॉयी’ ठेवलेला, ‘ट्रेनर’ आणि ‘ट्रेनी’, चेकवर ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे मिळणार तो.

वाचलेला शब्द ऐकताना ओळखू येत नाही.

कारण तो तुम्ही डोळ्यांनी शिकलात. टोइकच्या ध्वनिफितीत अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन असे उच्चार असतात. आपण ‘शेड्यूल’ म्हणतो, अमेरिकन माणूस ‘स्केज्युल’ म्हणतो. प्रत्येक कार्डाचा शब्द शब्दकोशाच्या ॲपवर दोन्ही उच्चारांत ऐका आणि मोठ्याने म्हणा. घरचे बघतील, बघू देत.

आकड्यांकडे खास लक्ष द्या. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये आधी. दहा लाख म्हणजे एक मिलियन, त्यामुळे ‘वन पॉइंट टू मिलियन’ ऐकलं की बारा लाख हे क्षणात सुचलं पाहिजे. वेळेच्या बाबतीत मात्र मराठी मुलांना सोपं जातं, कारण आपल्याकडे सव्वा, साडे, पावणे आहेत. ‘क्वार्टर पास्ट’ सव्वा, ‘हाफ पास्ट’ साडे, ‘क्वार्टर टू थ्री’ पावणेतीन. अमेरिकन तारखेत महिना आधी येतो.

पहिल्या भागातल्या फोटोंसाठी काय करायचं?

फक्त सहा प्रश्न आहेत. मार्केट यार्डात किंवा एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहा आणि दिसेल ते इंग्रजीत सांगा: पोती रचलेली आहेत, माणूस ट्रकमध्ये माल चढवतोय, शिडी भिंतीला टेकवलेली आहे. ‘स्टॅक्ड’, ‘लोडिंग’, ‘लीनिंग अगेन्स्ट’. या भागाला यापेक्षा जास्त वेळ देऊ नका.

स्पेलिंग महत्त्वाचं आहे का?

लिसनिंग-रीडिंगमध्ये पर्याय निवडायचा असतो, लिहायचं नसतं. पण दिसायला सारखे शब्द तिथं शेजारी ठेवतात. ‘पर्सनल’ म्हणजे वैयक्तिक, ‘पर्सोनेल’ म्हणजे कर्मचारीवर्ग. ‘कॉम्प्लिमेंटरी’ एका स्पेलिंगने मोफत आणि दुसऱ्या स्पेलिंगने पूरक. मधलं अक्षर ‘आय’ असेल तर मोफत. ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आणि ‘डेट’ म्हणजे कर्ज यात ‘बी’ लिहिलेला असतो, उच्चारत नाहीत. आयईएलटीएसला मात्र उत्तरं स्वतः लिहायची असतात आणि चुकीच्या स्पेलिंगला गुण जातात.

सरावासाठी काय वाचू? पैसे फार नाहीत.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. त्यातली सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अध्यक्षांचं निवेदन वाचा, शेजारी आपल्या कारखान्याचा किंवा दूध संस्थेचा मराठी अहवाल उघडा ठेवा. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. माझ्या मते याच्याइतका चांगला सराव दुसरा नाही, आणि तो इतर शहरांतल्या परीक्षार्थींना सहज मिळत नाही.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून आपल्या गावात उभं आहे. तिथं जा, इंग्रजी वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान उघडा, एक बातमी निवडा. ओळखीच्या विषयाची असेल तर शब्द पटकन चिकटतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, इथं संताप झाला, आणि नंतर त्या कंपनीने ही प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं मान्य केलं. त्या बातम्यांतून आमच्या वर्गाने एका आठवड्यात ‘अक्नॉलेज’, ‘क्रेडिट’, ‘हेरिटेज’, ‘आर्टिसन’, ‘रॉयल्टी’, ‘इन्फ्रिंजमेंट’, ‘कोलॅबोरेशन’ असे शब्द काढले. सुभाषनगरात ज्याच्या घरी चपला शिवतात त्या मुलाने त्या दिवशी सगळ्यांना शिकवलं. ‘क्रेडिट’ म्हणजे उधारीही आणि श्रेयही, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर कुणी विसरलं नाही.

ईमेल लिहायची परीक्षा वेगळी असते का?

हो, टोइकची स्पीकिंग आणि रायटिंग ही स्वतंत्र परीक्षा आहे. रायटिंगमध्ये आठ प्रश्न, साधारण तासाभराचे. त्यातले दोन म्हणजे आलेल्या ईमेलला उत्तर, आणि शेवटचा मत मांडणारा निबंध. आयईएलटीएस जनरलमध्ये पहिलं लेखन पत्राचं, किमान १५० शब्दांचं.

‘काइंडली डू द नीडफुल’ काढून टाका. काय हवंय ते नाव घेऊन लिहा: ‘कुड यू प्लीज सेंड अस द करेक्टेड इन्व्हॉइस बाय थर्सडे?’ वाईट बातमी द्यायची असेल तर ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’, सोबत काही जोडलं असेल तर ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’, चौकशीला उत्तर असेल तर ‘थँक यू फॉर युअर इन्क्वायरी’. अशी पंधरा-वीस वाक्यं हाताला बसली की बाकीचा वेळ मजकुरासाठी मोकळा होतो.

वय बेचाळीस आहे. आता जमेल का?

जमेल. तुमच्याकडे वीस वर्षांचा व्यवहार आहे, तो विशीतल्या मुलाकडे नाही. ‘पेमेंट टर्म्स’ म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागतं. तुम्ही त्यासाठी पार्टीच्या दारात जाऊन बसलेले असता. पाठांतर थोडं सावकाश होईल, म्हणून आठाऐवजी रोज पाच शब्द घ्या.

शेवटच्या आठवड्यात नवीन शब्द घ्यावेत का?

घेऊ नका. खोक्याच्या पहिल्या दोन कप्प्यांतली कार्डं, म्हणजे जी अजून निसटतात ती, रोज दोनदा फिरवा. दोन वेळा पूर्ण दोन तासांचा सराव पेपर घड्याळ लावून सोडवा, ज्या वेळेला परीक्षा आहे त्याच वेळेला. आदल्या संध्याकाळी कार्डं बंद करून रंकाळ्यावर एक चक्कर मारा, ओळखपत्र आणि प्रवेशपत्र पिशवीत आहे का बघा, आणि दहाच्या आत झोपा.